दात घासायची तंबाखू



गावात गरोदर बाईची नवी नोंद झाली की आशाताईंसोबत आम्ही गटाच्या बायाही तिच्या घरी जातो. काही वर्षांमागे अशाच एका घरी आम्ही विचारलं, "तंबाखू खातेस का वं?" ती हसून म्हणाली, "मी कायची तंबाखू खातो! मी तं फक्त दात घासतो." आम्ही वहीत 'नाही' लिहून उठलो. चुलीपाशी नसची डबी होती, ती आम्हा सगळ्यांना दिसली होती. बाळ दिवसाआधी आलं, आणि अगदी किरकोळ वजनाचं. ते डबीमुळेच झालं, असं आम्ही म्हणणार नाही. कारणं बरीच असतात. पण तो 'नाही' अजून टोचतो.

बाईची तंबाखू तंबाखूत धरायचीच नाही, ही सवय जुनी आहे. हे झाड मूळचं अमेरिकेतलं, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आलं. 1604 च्या सुमारास असद बेग विजापूरहून परतला आणि त्यानं अकबर बादशहापुढे तंबाखू ठेवली, अशी नोंद आहे. हुक्का, चिलीम, विडी हा पुरुषांचा डौल झाला. बाईकडे ती औषधाच्या वाटेनं आली. दाढ ठणकली, पोट फुगलं, सकाळी पोट साफ होईना, की घे चिमूटभर. तव्यावर भाजून कुटली की मशेरी, गुळाच्या काकवीत मळली की गुडाखू. विडी ओढणाऱ्या बाईला गाव नावं ठेवतं, मशेरी लावणारीला कोणी काही म्हणत नाही. आणि वेचणीच्या दिवसांत खर्रा तोंडात असला की भूक मरते, हेही आम्हा मजुरी करणाऱ्यांना ठाऊक आहे.

1992 साली केंद्र सरकारनं टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. घरच्या तव्यावर भाजलेली मशेरी मात्र कोणत्या कायद्यात बसणार?

मग 2004 साल आलं. डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या सुब्रमणी यांनी मुंबईत 1217 गरोदर बायांची माहिती बाळंतपणापर्यंत ठेवली होती. त्यांतल्या साधारण 17 टक्के बाया तंबाखू वापरत, आणि बहुतेक जणी मशेरीच. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅम कमी भरलं, आणि दिवस पुरे होण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाणही जास्त निघालं. 105 ग्रॅम म्हणजे अर्धा पावही नाही, असं वाटेल. पण अडीच किलोच्या काठावरच्या बाळाला तेवढ्यानं फरक पडतो. तंबाखूतल्या निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात, वारेकडे रक्त कमी जातं. धूर निघो न निघो. पुढे याच संशोधकांनी मृत बाळ जन्माला येण्याचा धोकाही वाढतो, असं दाखवलं.

गंमत म्हणा की दुर्दैव, त्याच 2004 साली महाराष्ट्राची 2002 ची गुटखाबंदी सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. ती पुन्हा लागली 2012 मध्ये. पण पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा आजही हात लांब केला की मिळतो. यात आम्हीही धुतल्या तांदळासारख्या नाही. आमच्याच गटानं एका सखीला पानठेल्यासाठी कर्ज दिलं होतं, आणि हप्ता वेळेवर येतो म्हणून तिचं कौतुकही केलं होतं.

2013 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की प्रत्येक गरोदर बाईला लवकरात लवकर, आणि मग प्रत्येक तपासणीला, तंबाखूबद्दल विचारा. 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टर गरोदर बायांना तपासतात. वजन, रक्तदाब, रक्त, लघवी होते. तिथंच हा प्रश्नही बसवता येतो.

आम्ही आमचा प्रश्न बदलला. 'तंबाखू खाता का' असं आता विचारत नाही. "सकाळी दात कशानं घासता? वावरात तोंडात काय असतं?" असं विचारतो, आणि सासूबाई समोर असताना तर नाहीच. 'हो' म्हणालीच तर रागावत नाही. रागावलं की पुढच्या खेपेला ती 'नाही' म्हणते. पहिले चार-पाच दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. हे आधीच सांगितलं तर ती घाबरून परत डबीकडे जात नाही. सकाळी गरम पाणी, तोंडात बडीशेप किंवा लवंग, आणि घरात डबीच नको. सोडायच्या गोळ्या-पट्ट्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. 1800-112-356 या नंबरवर फोन फुकट लागतो.

सगळ्यांत अवघड असते सासू. डबी तिचीच असते. एका घरी सून सोडायला तयार होती, पण रोज पहाटे मशेरी भाजायचं काम तिच्याकडेच होतं. तिथं आम्ही सुनेशी बोलणं थांबवलं आणि तीन आठवडे म्हातारीशीच बोललो. म्हातारीनं सोडली नाही. पण आता ती स्वतःची मशेरी स्वतः, परसात भाजते.