मूठभर राख

कित्येक वर्षांपूर्वीची गोष्ट. नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या न्हाणीघरातला नळ सांध्यापाशी गळू लागला. उटणे कालवलेले, मुले कुडकुडत उभी आणि नळवाला सणासाठी गावी गेलेला! आईने जुन्या लुगड्याची चिंधी फाडली, ओल्या साबणावर खसखसून घासली आणि सांध्याभोवती करकचून आवळली. धार थांबली, थेंब उरले. त्यांच्याखाली तिने तांब्या ठेवला. ते पाणी तुळशीला गेले.

या घरगुती उपायाचे कुळ शोधता शोधता मी थेट रोमला जाऊन पोहोचलो. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात तेथे व्हित्रुव्हियस नावाचा स्थापती होऊन गेला. वास्तुविद्येवर त्याने दहा खंड लिहिले. त्यांतला आठवा पाण्याविषयी आहे. खापरी नळ कसे जोडावेत, हे तो त्यात मोठ्या बारकाईने सांगतो. नळाचे एक तोंड निमुळते ठेवावे, म्हणजे ते पुढच्या नळात बसते. सांध्यावर तेलात मळलेला कळीचा चुना थापावा. एवढे करूनही कोठे फट राहिलीच, तर? त्यासाठी पहिल्याने पाणी सोडण्यापूर्वी नळात राख सोडावी. पाणी फटीकडे धावते, राखेलाही ओढून नेते आणि फट लिंपली जाते. गळती शोधण्याचे काम पाण्यावरच सोपवलेले, ही त्यातली मौज!

शिशाचे नळही रोमन लोकांपाशी होते. तरी व्हित्रुव्हियसचा कौल खापरीलाच. तो नळ बिघडला तर कोणीही दुरुस्त करू शकतो आणि त्यातले पाणी प्रकृतीला मानवते, असे तो म्हणतो. शिशापासून होणारा सफेदा अपायकारक असतो आणि शिसे ओतणाऱ्यांचे चेहरे फिकट पडतात, हेही त्याने नोंदवून ठेवले आहे.

हे वाचून मी चपापलो. आमचा नळवाला सांध्याच्या आट्यांवर सूत गुंडाळून वर सफेदाच फाशीत असे! पाण्याने सूत फुगते, सफेदा घट्ट बसतो, गळती थांबते. युक्ती स्वस्त आणि नामी. पण सफेदा शिशाचा असेल तर ती महागात पडते. शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक मानता येत नाही आणि मुलांच्या मेंदूला त्याचा धोका अधिक, असे आजचे वैद्यक सांगते. तेव्हा जुन्यातले सोने घ्यावे, शिसे सोडावे.

गेल्या दिवाळीत तोच सांधा पुन्हा पाझरला. सेकंदाला एकच थेंब. पण दिवसाचे ८६,४०० होतात आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर चार लिटरांहून अधिक पाणी वाया जाते. आई आता नाही. नात पुढे झाली. तिने मुख्य चावी बंद केली, सांधा उकलून पुसला, आट्यांच्या दिशेने टेफ्लॉनची फीत गुंडाळली आणि नळ पुन्हा आवळला. थेंब थांबला.

तांब्या मात्र तिने खालून हलवला नाही. म्हणाली, “आजोबा, सकाळपर्यंत राहू द्या. कोरडा निघाला तरच खरे.”