कात्रणे जोडावीत

गेल्या आठवड्यात ओळखीतला एक मुलगा जिल्हा युवा पुरस्काराचा अर्ज घेऊन आला. "सर, शुद्धलेखन तेवढे बघा." हा पुरस्कार राज्याच्या २०१२ च्या युवा धोरणातून आला. एक युवक, एक युवती आणि एक संस्था; व्यक्तीला १०,००० रुपये, संस्थेला ५०,०००. पर्यावरण आणि साधनसंपत्तीचे जतन हीही त्यात कामे म्हणून धरली आहेत. शेवटी सूचना: केलेल्या कार्याची वृत्तपत्रीय कात्रणे, फोटो, प्रशस्तिपत्रे जोडावीत.

मुलगा चांगला आहे, त्याने झाडे लावली आहेत, फोटोही आहेत. मी अडखळलो तो त्या सूचनेपाशी.

आमच्या कर्जत-खालापूरच्या डोंगरात फाल्गुन-चैत्रात वणवे लागतात. वाडीवरची ठाकर-कातकरी पोरे ओल्या फांद्यांनी झोडपून आग विझवतात. रात्री दोन वाजता तिथे फोटो कोण काढणार? आणि जे जळलेच नाही त्याचे कात्रण कुठून आणायचे?

जंगल आणि तरुण यांचा सरकारदरबारी संबंध आला तो आधी शिक्षेच्या रूपाने, बक्षीस फार उशिरा आले. १८७८ च्या आणि नंतर १९२७ च्या वन कायद्याने लाकूडफाटा, चराई हे सगळे परवानगीचे झाले. २५ सप्टेंबर १९३० रोजी आपल्याच जिल्ह्यात (तेव्हाचा कुलाबा) उरणजवळ चिरनेरला लोक अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रहासाठी जमले. गोळीबार झाला, आठ सत्याग्रही गेले. त्यांत नाग्या महादू कातकरी हा तरुण होता. वर्गात धडा म्हणून सांगताना मी त्याचे नाव मुद्दाम पूर्ण घ्यायचो, कारण मागच्या बाकावर त्याच्याच जमातीची दोन-तीन मुले असत आणि बाकीच्या पुस्तकात त्यांना आपले माणूस कुठे भेटत नसे.

कातकरी हे नाव खैराच्या कातावरून पडले. पुढे हीच माणसे उचल घेऊन व्यापाऱ्यांच्या कोळसाभट्ट्यांवर राबली. कोळसा मुंबईला गेला, आणि जंगल तोडल्याचे नाव मात्र यांच्यावर राहिले!

बक्षिसांचा काळ पुढचा. १९५० मध्ये कन्हैयालाल मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला. १९८२ मध्ये राज्यात सामाजिक वनीकरण विभाग आला, १९८६ मध्ये केंद्राचा इंदिरा प्रियदर्शिनी वृक्षमित्र पुरस्कार. मग राज्याचा वनश्री, ज्यात शाळांनाही स्थान मिळाले. १९९३-९४ पासून राष्ट्रीय सेवा योजनेचे पुरस्कार, २००१ पासून शाळाशाळांतून राष्ट्रीय हरित सेना. यातून चांगले काम झाले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. शाळेच्या रोपवाटिकेत पिशव्या भरताना वाडीवरच्या मुलांना काही शिकवावे लागत नसे. माती किती दाबायची, गुरे येऊ नयेत म्हणून रोपाभोवती काटेरी फांद्या कशा रोवायच्या, ते तेच आम्हाला दाखवत. फोटोत पाहुणे.

मोजणी मात्र लावलेल्या रोपांचीच होत राहिली. राज्याने १ जुलै २०१६ ला दोन कोटींचे लक्ष्य धरले, २०१९ ला ते ३३ कोटींवर गेले. (काही खड्डे इतके जुने की त्यांनाच पुरस्कार द्यावा.) राखणीचा विचार करणारी योजनाही निघाली होती. २००६-०७ च्या संत तुकाराम वनग्राम योजनेत जंगल सांभाळणाऱ्या गावसमित्यांना बक्षिसे ठेवली होती. पण ती गावाची, एकट्या पोराच्या नावाची नव्हेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर जंगल राखणे हा ग्रामसभेचा अधिकारच ठरवला. शिक्षेपासून अधिकारापर्यंत यायला १८७८ पासून १२८ वर्षे लागली. अर्जाच्या कागदापर्यंत ते अजून पोचायचे आहे.

मुलाचा अर्ज तपासून दिला. तीन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या.

माझे काही वाचक नेरळ, चौक, खोपोलीचे आहेत, काही भाचे-पुतणे तिथेच नोकरीला आहेत. तुमच्या जवळच्या वाडीत वणवा विझवणारी पोरे असतील तर त्यांच्याशी बोलून तारीख, डोंगराचे नाव, सोबत कोण होते, एवढे पानभर लिहा आणि ग्रामसभेत वाचून ठरावात नोंदवून घ्या. ठरावाची प्रत त्यांच्या हातात द्या. अर्जाला जोडायला एक तरी कागद होईल.