दान, अनुदान आणि जलसा : जानेफळच्या निमित्ताने एक ऐतिहासिक विचार

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील जानेफळसारख्या गावात एखादे भीमगीतांचे पथक उभे करावयाचे, जुन्या जलशांचा प्रयोग बसवावयाचा किंवा मुलांना तबला-पेटी शिकवावयाची, असा विचार पुढे आला की दोन मते हमखास ऐकू येतात. एक मत म्हणते की, शासनाचे अनुदान मागावे, तो आपला हक्क आहे. दुसरे मत म्हणते की, शासनाचा पैसा आला की शाहिराचा आवाज बसतो, म्हणून समाजाच्या वर्गणीवरच चालावे. दोन्ही मतांमागे अनुभव आहे. परंतु ही चर्चा बहुधा इतिहासाचा आधार न घेता होते. बौद्ध कलेला राजसत्तेने दिलेल्या साहाय्याचा इतिहास सुमारे दोन हजार वर्षांचा असून त्याचे लेख याच महाराष्ट्राच्या दगडांवर कोरलेले आहेत. ते लेख या प्रश्नासंबंधी काय सांगतात, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांकडे वळू. तेथील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणे अक्षयनीवी म्हणून, म्हणजे मुद्दल कधीही मोडावयाचे नाही अशा बोलीवर, विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. २,००० कार्षापणांवर दरमहा शेकडा १ आणि १,००० कार्षापणांवर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. पहिल्या रकमेचे वार्षिक व्याज २४० होते आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापणे चीवरासाठी द्यावयाची होती. हिशेब तंतोतंत जुळतो. हे दान निगमसभेत वाचून दाखविण्यात आले आणि फलकावर नोंदविण्यात आले, असेही लेख सांगतो. सत्ताधाऱ्याचा पैसा, कारागिरांच्या श्रेणीचा सांभाळ, जाहीर वाचन आणि लेखी नोंद या चार गोष्टी तेथे एकत्र आल्या होत्या.

त्याच लेण्यांतील गौतमीपुत्र सातकर्णीचा, राज्यवर्ष २४ चा लेख अधिक बोलका आहे. भिक्षूंना पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही आणि ते गावही वसलेले नाही, असे त्यात नमूद आहे. म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरील १०० निवर्तने राजकीय जमीन देण्यात येत आहे, अशी आज्ञा अधिकाऱ्याला दिलेली आहे. कागदावर मंजूर झालेले साहाय्य हाती पडत नाही, ही तक्रार आजची नव्हे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, भिक्षूंची अडचण राजदरबारी पोहोचली आणि तिची दुरुस्ती लेखी झाली. शिवाय त्या भूमीत राजपुरुषांनी प्रवेश करू नये, तिला उपद्रव देऊ नये, अशा सवलती दानाबरोबर जोडलेल्या होत्या. अट होती ती अधिकाऱ्यांवर. विहाराने काय शिकवावे यावर नव्हती.

तथापि राजाश्रय हा बौद्ध कलेचा एकमेव आधार कधीच नव्हता. कार्ल्याचे चैत्यगृह वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीच्या नावाने प्रसिद्ध आहे. त्याच चैत्याच्या अनेक स्तंभांवर धेनुकाकटाच्या यवनांची व इतर सामान्य उपासकांची नावे आहेत. एकेक स्तंभ एकेकाने दिला. हे दान लहान असले तरी ते अनेकांचे होते, आणि म्हणूनच टिकाऊ होते.

राजाश्रयावर पूर्णपणे विसंबल्यास काय होते, याचे उदाहरण आपल्या अगदी शेजारी आहे. मेहकर तालुक्याला लागून असलेल्या वाशीम जिल्ह्याचे मुख्य ठिकाण म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेपलीकडील अजिंठ्याचे सोळावे लेणे याच शाखेतील हरिषेण राजाचा अमात्य वराहदेव याने खोदविले. वॉल्टर स्पिंक यांच्या मते इ.स. ४७७ च्या सुमारास हरिषेणाचा मृत्यू झाला आणि त्यानंतर थोड्याच काळात मोठ्या दात्यांची कामे थांबली. ही कालगणना सर्व अभ्यासकांना मान्य नाही. परंतु अजिंठ्यात अर्धवट राहिलेली लेणी आहेत आणि मूळ आराखड्यात नसलेल्या, लहान दात्यांनी नंतर बसविलेल्या बुद्धमूर्तीही आहेत. राजाचे कारागीर निघून गेल्यावरही उपासक आणि भिक्षू आपल्या ऐपतीप्रमाणे मूर्ती कोरून घेत राहिले, असे त्यावरून दिसते.

आधुनिक काळात आंबेडकरी जलसा उभा राहिला तो कोणत्याही राजाश्रयाशिवाय. सत्यशोधक जलशांची परंपरा पुढे नेत भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० नंतरच्या काळात गावोगावी जलसे केले. गण-गौळणीच्या जुन्या चौकटीतून देवदेवता काढून तेथे अस्पृश्यतेचा, शिक्षणाचा आणि बाबासाहेबांच्या आंदोलनाचा विषय आणला. कर्डकांनी ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक १९७८ साली प्रसिद्ध केले, म्हणून त्या कार्याची काही नोंद आज आपल्या हाती आहे. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी हेच कार्य आयुष्यभर गीतांतून केले. या कलावंतांचा आश्रयदाता म्हणजे वस्तीवरची माणसे, त्यांनी दिलेली भाकरी आणि मूठभर वर्गणी. उलट शासनाकडे पाहावे, तर इंग्रजी राजवटीतला १८७६ चा नाट्यप्रयोग नियंत्रण कायदा स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ पुस्तकात राहिला. केंद्राने तो २०१८ साली रद्द केला. शाहिराच्या मनात शासनाविषयी संशय का आहे, हे यावरून कळावे.

असे असले तरी बाबासाहेबांनी शासनाचा पैसा निषिद्ध मानला नाही. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेली बहिष्कृत हितकारिणी सभा त्यांनी १८६० च्या कायद्याखाली नोंदविली. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी व्हाईसरॉयला सादर केलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी वार्षिक ३ लाख रुपयांची मागणी त्यांनी केली आणि तिच्या समर्थनार्थ बनारस व अलीगढ विद्यापीठांना मिळणाऱ्या अनुदानाचा दाखला दिला. या मागणीत याचना नव्हती. तिजोरी सर्वांची असेल तर वाटाही सर्वांचा असला पाहिजे, हा तिचा आधार होता. याच तत्त्वावर महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड प्रसिद्ध केले. वसंत मून यांच्या संपादनाखालील हे कार्य शासकीय निधीतून झाले म्हणून त्यातील विचार सौम्य झाले नाहीत. १९८७ साली ‘रिडल्स’वरून वाद उठला तेव्हा आंबेडकरी जनता रस्त्यावर उतरली आणि शासनाला तिची दखल घ्यावी लागली, हेही विसरता येणार नाही.

वऱ्हाडातील बौद्धांच्या वाट्याला मात्र हा हक्क उशिरा आला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली तेव्हा बुलढाणा जिल्हा जुन्या मध्यप्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची मुंबई राज्याची योजना १९५४-५५ ची, म्हणजे या विलीनीकरणापूर्वीची. धर्मांतरित बौद्धांना महाराष्ट्राने १९६० साली सवलती दिल्या, तर अनुसूचित जातींच्या केंद्रीय यादीत बौद्धांचा समावेश १९९० च्या संविधान (अनुसूचित जाती) आदेश दुरुस्ती कायद्याने झाला. मधल्या चौतीस वर्षांत जातीचा दाखला मागणाऱ्या केंद्राच्या प्रत्येक योजनेपुढे बौद्ध अर्जदार अडत होता.

आज मार्ग अधिक आहेत. सांस्कृतिक कार्य संचालनालय शाहिरी, तमाशा, खडीगंमत अशा कलाप्रकारांच्या पथकांना साहाय्य देते. नागपूरला १९८६ पासून दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची बौद्ध व तिबेटी कला-संस्कृतीच्या विकासासाठी योजना आहे. तिच्यात मान्य खर्चाचा ७५ टक्के भाग केंद्राकडून मिळतो आणि उरलेला राज्याने किंवा संस्थेने उभा करावयाचा असतो. ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनाला २०२४ पासून राजर्षी शाहू महाराजांचे नाव देण्यात आले असून ते दरमहा ५,००० रुपये झाले आहे. त्यासाठी सर्वसाधारणपणे वयाची ५० वर्षे आणि कलेतील किमान १५ वर्षांचे योगदान अपेक्षित असते.

अडचण येते ती याच शेवटच्या अटीपाशी. पंधरा वर्षांचे योगदान सिद्ध कसे करावयाचे? नाट्यगृहात गाणाऱ्याकडे निमंत्रणपत्रिका असतात, वृत्तपत्रांची कात्रणे असतात. चौदा एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला, वस्तीतल्या लग्नात आणि पुण्यानुमोदनात चाळीस वर्षे गायलेल्या माणसाकडे काय असणार? त्याची गीते लोकांच्या तोंडी असतात, परंतु लोकांचे तोंड हा कार्यालयात पुरावा ठरत नाही. हा अर्ज दीर्घकाळ पंचायत समितीमार्फत जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे जात आला. जानेफळच्या माणसाला त्यासाठी मेहकर आणि बुलढाणा गाठावे लागणार, आणि एकेका दाखल्यासाठी मजुरीचा दिवस मोडावा लागणार. संस्थेच्या नावे अर्ज करावयाचा, तर नोंदणी, मागील वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, ‘दर्पण’ संकेतस्थळावरील क्रमांक आणि काम झाल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र लागते. वस्तीसुधाराच्या निधीतून समाजमंदिर बांधले जाते. मात्र त्यात गाणाऱ्याचे नाव कोठल्याही वहीत नसते.

म्हणून आमचे मत असे की, अनुदान घ्यावे की न घ्यावे हा प्रश्न दुय्यम आहे. विहाराने नोंद ठेवावी, हे प्रथम कर्तव्य आहे. प्रत्येक विहारात एक वही असावी. तीत कार्यक्रमाची तारीख, गायकाचे व वादकाचे नाव, सादर झालेल्या गीतांचे विषय, जमलेली वर्गणी आणि झालेला खर्च लिहावा, व त्याखाली उपासक-उपासिकांच्या सह्या घ्याव्यात. वर्षातून एकदा ती वही पौर्णिमेच्या सभेत वाचून दाखवावी. निगमसभेत वाचन आणि फलकावर नोंद ही आपलीच जुनी रीत आहे. अशा नोंदी असतील तर वृद्ध शाहिराच्या अर्जाला आधार मिळेल आणि संस्थेचा हिशेबही निर्मळ राहील.

दुसरी गोष्ट, अनुदानाच्या पैशातून वाद्ये, प्रशिक्षण आणि ध्वनिमुद्रण करावे. परंतु जयंतीचा जलसा वर्गणीवरच व्हावा. जे बोलावयाचे ते बोलण्याची मुभा त्या एका दिवसासाठी तरी कोणाच्या मंजुरीवर अवलंबून असू नये. कार्ल्याच्या स्तंभांवरील नावे आणि अजिंठ्यातील लहान मूर्ती हेच सुचवितात.

तिसरी गोष्ट घाईची आहे. बाबासाहेबांच्या हयातीत जलसे ऐकलेली पिढी आता जवळजवळ सरली असून तिच्याकडून शिकलेले शाहीर वार्धक्याला पोहोचले आहेत. मंजुरीची वाट पाहण्याइतका अवधी त्यांच्यापाशी नाही. जानेफळ आणि परिसरातील उपासकांनी येत्या वर्षावासात आपापल्या गावच्या गायक-वादकांकडे जावे, त्यांची गीते उतरवून घ्यावीत आणि त्यांचे अर्ज स्वतः भरून द्यावेत. हे कार्य कोणत्याही अनुदानाशिवाय आजच सुरू करता येण्याजोगे आहे.