उभी क्रेन आणि झुकलेली भिंत

११ सप्टेंबर २०१५. शुक्रवारचा दिवस, मगरिबच्या आधीची वेळ. हज अगदी तोंडावर आलेली होती आणि मक्केतील मस्जिद अल-हराम जगभरच्या यात्रेकरूंनी भरून गेली होती. वादळ उठले, जोराचा पाऊस सुरू झाला. मशिदीच्या विस्ताराचे काम चालू असल्याने भोवती अवाढव्य क्रेन उभ्या होत्या. त्यातली एक वाऱ्याने उलटली आणि मशिदीच्या छतावर कोसळली. १११ माणसे गेली, ३९४ जखमी झाली. मृतांमध्ये भारतातील यात्रेकरूही होते.

त्या रात्री आमच्या मोहल्ल्यात जो तो एकच बोलत होता: काय नशीब, हरममध्ये मौत आली! मीही तेच म्हणालो. गेलेल्या माणसासाठी, त्याच्या घरच्यांसाठी हे बोल खरे आहेत आणि त्यांना त्यातून धीर मिळतो. पण क्रेन का पडली, हा प्रश्न वेगळा आहे. ‘अल्लाहची मर्जी’ हे त्याचे उत्तर नव्हे. आपण हे दोन प्रश्न एकत्र करून टाकतो आणि दुसरा प्रश्न विचारायचाच राहून जातो.

सौदी सरकारने मात्र तो विचारला. चौकशी समितीने काही दिवसांतच सांगितले, की क्रेनचा लांब दांडा, ज्याला बूम म्हणतात, काम बंद असतानाही वर उभा ठेवलेला होता. क्रेन बनवणाऱ्यांच्या सूचना स्पष्ट होत्या. काम नसेल तेव्हा आणि जोराचा वारा असेल तेव्हा बूम खाली उतरवून ठेवायचा. तो उतरवला नव्हता. हवामानाकडे लक्ष नव्हते आणि संबंधित खात्यांनी पाठवलेल्या पत्रांना कंपनीने उत्तरे दिली नव्हती, असेही समितीने नोंदवले. त्या प्रकारच्या क्रेनची जास्तीत जास्त उचलण्याची क्षमता १३५० टन. एवढे वजन पेलणारे यंत्र त्या दिवशी काहीही उचलत नव्हते. नुसते उभे होते आणि तरी पडले. कारण उंच बूमवर वाऱ्याचा दाब येतो, आणि बूम जितका उंच तितकी तीच ताकद क्रेनला अधिक जोराने उलटवते.

प्रकरण न्यायालयात गेले. २०१७ मध्ये खालच्या न्यायालयाने १३ आरोपींना निर्दोष सोडले. दुर्घटना वादळ-पावसामुळे झाली, माणसाच्या चुकीमुळे नव्हे, असा निष्कर्ष निघाला. खटला वरच्या न्यायालयांत फिरत राहिला आणि २०२३ मध्ये सौदी बिनलादिन समूहाला २ कोटी रियालचा दंड झाला. म्हणजे ‘दोष वाऱ्याचा की माणसाचा’ हे ठरायला साडेसात वर्षे लागली.

मी इतिहासाचा नव्हे, भाषेचा शिक्षक. पण हा प्रश्न आपल्या जुन्या ग्रंथांनी कसा सोडवला, हे शोधताना जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

अरबीत क्रेनला ‘राफिआ’ म्हणतात. र-फ-अ या धातूपासून, म्हणजे उचलणे. आपल्याकडची रफी, रिफअत ही नावे त्याच धातूची. याच धातूचा शब्द एका जुन्या पुस्तकाच्या नावात आहे. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने यंत्रशास्त्रावर ग्रीकमध्ये ग्रंथ लिहिला. मूळ ग्रीक ग्रंथ नष्ट झाला, तुकडे तेवढे उरले. नवव्या शतकात बालबेकचा कुस्ता इब्न लूका या ख्रिस्ती विद्वानाने अब्बासी घराण्यातील एका शहजाद्यासाठी त्याचा अरबी अनुवाद केला होता. जड वस्तू उचलण्याविषयीचा तो अनुवाद टिकला, म्हणून आज हेरॉनचा ग्रंथ जगाला ठाऊक आहे. १८९३ मध्ये तो फ्रेंच अनुवादासह छापला गेला.

त्यात एका खांबाच्या, दोन, तीन आणि चार खांबांच्या क्रेनचे वर्णन आहे. दगड उचलण्यासाठी त्यात खाच करून लोखंडी पकड बसवत. या पकडीबद्दल हेरॉन बजावतो, की लोखंड फार कठीण नको, नाहीतर तुटेल. फार मऊ नको, नाहीतर वाकेल. त्यात घडी किंवा तडा नको. कारण दगड पडला तर दगडाचेच नुकसान होत नाही, खाली काम करणारी माणसेही सापडतात. सुरक्षेचा हा नियम सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, आणि तो आपल्यापर्यंत पोहोचला अरबीतून.

दुसरे नाव अल-मावर्दीचे. १०५८ मध्ये बगदादेत वारलेल्या या काझीचा ‘अल-अहकाम अल-सुलतानिया’ हा राज्यकारभारावरचा ग्रंथ उर्दूतही मिळतो. त्यात मुहतसिबची कामे सांगितली आहेत. मुहतसिब म्हणजे बाजारावर आणि सार्वजनिक व्यवहारावर देखरेख ठेवणारा अधिकारी. जहाजात पेलेल त्यापेक्षा जास्त माल भरून बुडण्याचा धोका असेल तर त्याने मालकाला रोखावे, आणि वारा जोराचा असेल तर जहाज निघू देऊ नये, असे मावर्दी लिहितो. वजनाची मर्यादा आणि वाऱ्याची मर्यादा. आजच्या क्रेनच्या नियमांचा गाभा हाच आहे. शिवाय तपासणारा माणूस मालकाचा नोकर नाही, शासनाचा अधिकारी आहे, हेही ध्यानात घ्यावे.

तिसरी गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते. बाराव्या शतकातील मरगीनानींचा ‘हिदाया’ हा हनफी फिकहचा ग्रंथ आपल्या मदरशांत आजही शिकवला जातो. त्यात झुकलेल्या भिंतीचा मसला आहे. एखाद्याची भिंत रस्त्याकडे झुकली आहे. लोकांनी साक्षीदारांसमक्ष मालकाला सांगितले, की भिंत उतरव. उतरवायला वेळ होता, तरी त्याने उतरवली नाही. भिंत पडली आणि कोणी दगावले, तर मालक जबाबदार धरला जातो. मी ढकलली नाही, वाऱ्याने पडली, ही सबब चालत नाही. सूचना मिळाल्या क्षणापासून जबाबदारी त्याची.

आता मक्केतील ती उत्तर न दिलेली पत्रे आठवा. क्रेन ही उंच भिंतच होती. ‘उतरवा’ हे पुस्तिकेत लिहिलेले होते. आठशे वर्षांपूर्वीच्या फकीहांपुढे हे प्रकरण नेले असते, तर त्यांनी वाऱ्याविषयी नंतर आणि सूचनेविषयी आधी विचारले असते.

आपल्या देशातील कायदाही याच वाटेने जातो. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे कलम २९ उचलण्याच्या यंत्रांविषयी, साखळ्या आणि दोरांविषयी होते. साहित्य मजबूत आणि निर्दोष हवे, हे हेरॉनचेच म्हणणे. प्रत्येक यंत्रावर ते किती वजन सुरक्षित उचलू शकते हे ठळक लिहिलेले हवे आणि त्यापेक्षा जास्त लादायचे नाही. १२ महिन्यांतून निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी आणि तिची नोंद. रुळांवरून फिरणाऱ्या क्रेनच्या वाटेत कोणी काम करत असेल तर क्रेन त्याच्या ६ मीटरच्या आत येता कामा नये. बांधकामाच्या ठिकाणांसाठी १९९६ चा वेगळा कायदा झाला. नियमांची वाण कधीच नव्हती.

तरीही ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर ठाणे जिल्ह्यात शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारे अजस्र यंत्र कोसळले आणि २० जण ठार झाले. बरेच जण परराज्यांतून पोटासाठी आलेले. बातम्या आल्या, मदत जाहीर झाली, गुन्हा दाखल झाला. आणि चहाच्या टपरीवर मी पुन्हा तेच वाक्य ऐकले: वेळ आली होती त्यांची.

माझ्या वर्गात दरवर्षी दोन-चार मुले अशी असतात, ज्यांचे वडील आखातात बांधकामावर आहेत. एकदा मी ‘तवक्कुल’ शब्दाचा अर्थ सांगत होतो. उंट आधी बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही हदीस सांगितली. एक मुलगा उठून म्हणाला, ‘‘सर, माझे अब्बू क्रेनला इशारे करतात. वारा वाढला, की ते हात वर करून काम थांबवतात. मग मुकादम रागावतो.’’

मला पुढे काही शिकवायचे उरले नाही. त्या मुलाचे अब्बू उंट बांधत होते. मुहतसिबचे काम करत होते, तेही मुहतसिबचा पगार आणि अधिकार नसताना. त्यांचा वर झालेला हात ही साक्षीदारांसमक्ष दिलेली सूचनाच आहे. त्यानंतर काही घडले तर ते नशिबाच्या खात्यात टाकता येणार नाही.

आपल्या समाजातील कितीतरी माणसे गवंडी, फिटर, वेल्डर, खलासी म्हणून अशा वजनांखाली उभी असतात. त्यांच्यासाठी आपण दुआ करतोच, करत राहू. सोबत एवढे करू या. जुम्याच्या बयानात, मोहल्ल्याच्या बैठकीत त्यांना सांगू, की यंत्रावर वजनाचा आकडा लिहिलेला आहे का ते पाहा, तपासणी कधी झाली ते विचारा, लटकत्या ओझ्याखाली उभे राहू नका, आणि धोका दिसला तर चार जणांसमोर सांगा, जमल्यास लिहून द्या. दुर्घटना झालीच, तर जनाजा उठवल्यावर कोणीतरी एक जण हेही विचारायला हवा: सूचना दिली होती का, आणि कोणाला दिली होती?