नदीपलीकडची भेट

फराळाच्या ताटाशेजारी हा विषय काढला म्हणून वडीलधाऱ्यांनी रागावू नये. करंज्या भरताना बायका जे हलक्या आवाजात बोलतात, तेच मी जरा मोठ्याने सांगते आहे, इतकेच.

आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या कडेने वर्धा नदी वाहते. ती ओलांडली की वर्धा जिल्हा. १९३५ च्या डिसेंबरात तिथे मगनवाडीत मार्गारेट सँगर ही अमेरिकन बाई गांधीजींना भेटायला आली. ब्रुकलिनमध्ये संततिनियमनाचे केंद्र काढल्याबद्दल ती तुरुंगात जाऊन आलेली. ती पोहोचली तो नेमका सोमवार, गांधीजींच्या मौनाचा दिवस! पुढे मात्र दोघांचे मनमोकळे बोलणे झाले. गांधीजींचे म्हणणे, साधने नकोत, संयम हवा. बाईने नवऱ्याला ‘नाही’ म्हणायला शिकावे. सँगरबाईंनी विचारले, मग ज्यांना तीन-चारच मुले हवीत त्यांनी जन्मात तीन-चारदाच जवळ यायचे काय? गांधीजी आपल्या मतावरून ढळले नाहीत. महादेवभाई देसाईंनी ही हकीगत ‘हरिजन’मध्ये छापली. ती वाचताना मला राहून राहून वाटते, दोघेही बाईच्याच वतीने बोलत होते. गांधीजींनी तिला ‘नाही’चा अधिकार देऊ केला, हे काही थोडे नव्हे. पण आमच्या भागातल्या दिवसभर निंदण करून आलेल्या बाईने तो रात्री कोणाच्या जोरावर बजावायचा?

अर्थात, महाराष्ट्राला हे सांगायला परदेशातून कोणी यावे लागले नाही. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनी १९२१ सालीच मुंबईत असे केंद्र उघडले होते. त्यापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले, खटले ओढवून घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. आंबेडकर. खटला हरला, पण मासिक १९५३ पर्यंत, म्हणजे कर्वे गेले त्या सालापर्यंत, चालले. पत्नी मालतीबाईंनी हे सारे सोसले. त्यांच्यावर कोणी लिहिले तर मी आधी वाचीन.

१९५२ साली सरकारनेच हा कार्यक्रम हाती घेतला आणि पाहता पाहता बाईचा प्रश्न आकड्यांचा झाला. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले. ते अमलात आले नाही. आणीबाणीत पुरुषांवर जी जबरदस्ती झाली तिचा धसका असा बसला, की पुढे सारा भार बायकांकडे सरकला. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या शंभर विवाहित स्त्रियांमागे सुमारे अडतीस जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पुरुषांची? शंभरामागे एकसुद्धा नाही.

आमच्या शिक्षकी पेशाचाही यात हात आहे. १९९६ साली उद्दिष्टे रद्द होईपर्यंत मास्तरांनाही ‘केस’ आणाव्या लागत. धाकट्या भावानंतर आईचे ऑपरेशन झाले ते असेच. मी एकदा तिला विचारले, “तुला हवं होतं का?”

“मले कोनं इचारलं वं? मास्तर आले, तुया बापासंग बोलले, आन् मी गाडीत बसली.”

तिला आणखी मूल नकोच होते, हेही तिने मागाहून सांगितले. पण विचारले असते तर बरे वाटले असते, म्हणाली.

गेल्या दिवाळीला माझी भाची माहेरपणाला आली होती. पदरी एक मुलगी. दर तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन तिने सुरू केले आहे. २०१७ पासून सरकारी योजनेत ते मिळू लागले. आशाताईंकडून तिने तांबी, गोळ्या, इंजेक्शन अशी सगळी माहिती काढली. पाळी चुकेल, अनियमित येईल, हेही विचारून ठेवले. आई सारण हलवता हलवता ऐकत होती.

“जावयाले इचारलं काय?”

“सांगितलं, आजी.”

आई काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने भाचीला जवळ बोलावले आणि ते इंजेक्शन दंडात देतात की कमरेत, दुखते का, किती दिवस चालते, असे एकेक विचारू लागली.