सोडलेल्या कामाचा राहिलेला पगार

श्रोतेहो, भोर आणि वेल्हे हा मावळचा मुलूख. राजगड, तोरणा, रोहिडा यांच्या गोष्टी आपल्या मुलांना तोंडपाठ असतात, आणि असाव्यातच. पण याच डोंगरखोऱ्यांतून मुंबईला जाणारी एक वाट निघते. तिचा इतिहास शाळेच्या पुस्तकात सहसा सापडत नाही. पावसावरचं भाताचं एक पीक, उतारावरची नाचणी-वरी, आणि घरात खाणारी तोंडं जास्त. म्हणून इथला माणूस मुंबईला गेला; गिरणीत, गोदीत, वखारीत लागला. त्याच्या एका प्रश्नाविषयी आज बोलायचं आहे. काम सोडलं, पण केलेल्या कामाचा पगार मालकाकडे राहिला. तो मागण्याचा हक्क त्याला कधी आणि कसा मिळाला?

आधी पगार अडकत कसा होता ते पाहू. मुंबईच्या गिरण्यांत पगार महिन्याचा, आणि तोही मागाहून मिळे. मे महिन्याचा पगार जूनच्या मध्यावर हाती येई. म्हणजे १४ जूनला काम सोडणाऱ्याचा सबंध मे आणि जूनचे चौदा दिवस, मिळून सुमारे सहा आठवड्यांची मजुरी मालकाच्या तिजोरीत राही. इकडे मृगाचा पाऊस पडला की आपला माणूस आवणीसाठी गावाकडे निघणारच! रीतसर नोटीस न देता गेला तर राहिलेला पगार बुडाला, असा अनेक गिरण्यांचा नियम होता. वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज मात्र चालूच राही.

कायदा तरी मजुराच्या बाजूने होता काय? १८५९ सालचा एक कायदा पाहा. उचल घेऊन काम अर्धवट सोडणाऱ्या मजुराला मॅजिस्ट्रेट हुकूम करी, की काम पुरं कर नाहीतर पैसे परत दे. हुकूम न पाळला तर तीन महिन्यांपर्यंत कैद. मजुरी बुडवणाऱ्या मालकाला मात्र त्या कायद्यात अशी कैद नव्हती! हा कायदा रद्द करण्याचं ठरलं ते १९२५ साली.

या अन्यायाविरुद्ध पहिली मोठी हाक दिली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. सुमारे ५,५०० कामगारांनी त्या मागण्यांच्या अर्जावर सह्या केल्या. रविवारची सुट्टी ही मागणी आपल्याला ठाऊक असते. पण त्याच अर्जात आणखी एक मागणी होती: केलेल्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. आज साधी वाटते. तेव्हा तेवढीही मागावी लागली.

रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. पगाराचा प्रश्न पुढे बराच काळ रेंगाळला. १९२९ साली कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी व्हिटले यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमलं गेलं. आपले ना. म. जोशी त्याचे एक सभासद होते. कमिशनचा अहवाल १९३१ साली आला, आणि अखेर १९३६ साली वेतन देण्याविषयीचा कायदा झाला. २८ मार्च १९३७ पासून तो लागू झाला. हजाराहून कमी कामगार असतील तिथे ७ तारखेच्या आत, आणि मोठ्या कारखान्यांत १० तारखेच्या आत पगार द्यायचा. कायद्याने सांगितलेल्या कपातींखेरीज पैसा कापायचा नाही. पगार बुडाला तर मजुराने स्वतः, किंवा त्याच्या वतीने वकिलाने अथवा नोंदलेल्या युनियनच्या पदाधिकाऱ्याने अर्ज करायचा.

भोर हे तेव्हा पंतसचिवांचं संस्थान होतं. ८ मार्च १९४८ रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झालं. ब्रिटिश हद्दीतला हा कायदा संस्थानात आपोआप लागू होत नव्हता. पण मुंबईत राबणारा भोरचा माणूस मुंबईतच दाद मागू शकत होता. अडचण होती ती मुदतीची. अर्ज सहा महिन्यांच्या आत करायचा. गावी परतलेल्या माणसाने पावसाळा संपवून, सुगी आटोपून मुंबई गाठेपर्यंत ते महिने निघून जात. १९६४ साली मुदत बारा महिन्यांची झाली.

आणखी एक फट राहिली होती, ती ध्यानात घेण्याजोगी आहे. मालकाने काढून टाकलेल्याचा हिशेब कामाच्या दोन दिवसांत चुकता करावा, असं १९३६ च्या कायद्यात होतं. आपणहून काम सोडणाऱ्याविषयी मात्र ते कलम काही बोलत नव्हतं. त्याने नेहमीच्या पगाराच्या दिवसाची वाट पाहायची. ही फट बुजवली २०१९ च्या वेतन संहितेने, आणि ती अंमलात आली २१ नोव्हेंबर २०२५ पासून. आता राजीनामा देणाऱ्यालाही कामाच्या दोन दिवसांत त्याचा पगार मिळाला पाहिजे. दावा करण्याची मुदत तीन वर्षांची आहे. पगार दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारीही मालकावर आहे.

आता आपला तरुण मुंबईऐवजी शिरवळच्या कारखान्यात किंवा पुण्यात कामाला जातो. त्याने पगाराची पावती, हजेरीची नोंद आणि बँकेचा उतारा जपून ठेवावा. काम सोडताना राजीनामा लेखी द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. पगार थकला तर आधी मालकाला लेखी मागणी करावी, आणि मग कामगार कार्यालयाची पायरी चढावी. तोंडी भांडणाने मन मोकळं होतं, पण पैसा कागदानेच वसूल होतो.

गुरुजींना एक विनंती. वर्गात हिशेब शिकवताना फळ्यावर असं एखादं गणित मांडा: महिन्याचा पगार इतका, भरलेले दिवस इतके, उचल इतकी, तर काम सोडताना येणं किती? ज्या मुलाला हे गणित सोडवता येईल, त्याला पुढे मुकादमाने सांगितलेला आकडा मुकाट्याने मान्य करावा लागणार नाही. काम सोडलं तरी केलेल्या कामाचे दाम सुटत नाहीत. एवढं कायद्यात यायला लोखंड्यांच्या सभेपासून सुमारे एकशे चाळीस वर्षं लागली. ते निदान आपल्या घरोघरी माहीत असावं.