ठाण्याच्या कलेक्टरचा डोंगर

माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर उतरणाऱ्या प्रवाशाला पहिल्या पाच मिनिटांतच इतिहास ऐकावयास मिळतो. घोडेवाला लगाम हाती धरून चालू लागतो आणि आपण विचारण्यापूर्वीच सांगून टाकतो की, हे ठिकाण मॅलेट साहेबाने शोधून काढले. पुढे पॉइंटांची नामावळी सुरू होते : पॅनोरमा, लुईझा, एको, हार्ट, अलेक्झांडर, वन ट्री हिल. ही नामावळी त्याने वडिलांकडून ऐकलेली असते आणि वडिलांनी आजोबांकडून. छापील मार्गदर्शिकांतही बहुधा हाच क्रम आढळतो. आपल्या कोपरीहून दरवर्षी कुणी ना कुणी माथेरानला जातच असते. तरुणांची मंडळे जातात, कुटुंबे जातात, नवपरिणीत जोडपी जातात. त्यांच्या कानी पडणाऱ्या या इतिहासात काय आहे आणि काय गाळले गेले आहे, हे थोडे विस्ताराने सांगावे म्हणून हा लेख.

कोपरीच्या वाचकाला या विषयाची ओढ वाटावी याला आणखी एक कारण आहे. ह्यू पॉइंट्झ मॅलेट हा गृहस्थ ठाण्याचाच कलेक्टर होता. आज माथेरान रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात मोडते. परंतु त्या काळी तो सारा मुलूख ठाणे जिल्ह्यातच होता. पुढे कर्जत तालुका कुलाब्याकडे गेला आणि १९८१ मध्ये कुलाब्याचे रायगड झाले. म्हणूनच माथेरानचे सविस्तर जुने वर्णन आपणास सापडते ते १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या या गॅझेटियरच्या चौदाव्या खंडात माथेरानवर पानेच्या पाने खर्ची पडली आहेत. रस्ते, झाडे, टोके, पाण्याचे झरे, डोंगरावरील माणसे, सारे काही त्यात आहे. त्याच्याही आधी, १८७१ साली, डॉ. जे. वाय. स्मिथ यांनी माथेरानची माणसे, वनस्पती आणि प्राणी यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. इतक्या लहानशा डोंगराच्या वाट्याला इतकी शाई क्वचितच आली असेल.

मॅलेटची हकिकत थोडक्यात अशी. १८५० च्या मे महिन्यात त्याचा मुक्काम पायथ्याच्या चौक गावी होता. मुंबईहून पनवेल-खोपोलीमार्गे पुण्याला जाणाऱ्या वाटेवरचे हे गाव. समोरचा झाडांनी गच्च भरलेला माथा पाहून त्याला कुतूहल वाटले आणि चौकच्या पाटलाला बरोबर घेऊन तो वन ट्री हिलच्या बाजूने वर चढला. उतरताना तो रामबागेच्या वाटेने उतरला. नोव्हेंबरात तो पुन्हा आला, काही दिवस राहिला आणि त्यानंतर वर घरही बांधले. 'बाइक' हे त्या घराचे नाव आजही एका हॉटेलच्या रूपाने टिकून आहे.

आता यात 'शोध' कोणता? ज्याला वाट ठाऊक नव्हती तो मागे चालत होता आणि ज्याला ठाऊक होती तो पुढे. धनगरांची गुरे वर चरत होती. ठाकूर आणि कातकरी मंडळी मध, हिरडा, जळाऊ लाकूड यांसाठी रोज चढउतार करीत होती. शार्लट लेक या नावाने प्रसिद्ध झालेल्या तळ्याकाठी पिसारनाथाचे देवस्थान आहे. माथेरानचे हे ग्रामदैवत. खुद्द 'माथेरान' हे नावच साहेबाच्या आधीचे. माथ्यावरचे रान म्हणून माथेरान, असा त्याचा अर्थ लोक लावतात. मॅलेटने शोधली ती जागा नव्हे, तर त्या जागेचा एक नवा उपयोग, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल. मुंबईच्या उकाड्याने हैराण झालेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना नि धनिकांना आठशे मीटर उंचीवर, राजधानीपासून एका दिवसाच्या अंतरावर, विसावा मिळू शकतो हे त्याने ओळखले. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी पुढे इकडे लक्ष घातले, स्वतःसाठी निवासस्थान उभारले आणि रस्त्यांची आखणी करविली. मग पारशी, बोहरी, गुजराती व्यापारी आले. त्यांच्यामागे भिस्ती, हमाल, घोडेवाले, न्हावी आणि धोबी आले. ख्रिस्ती लोकही आले आणि माथेरानात प्रार्थनामंदिरे उभी राहिली. तेथे गेलेल्या आपल्यापैकी अनेकांनी तेथील पवित्र क्रुसाच्या मंदिरात गुडघे टेकले असतील.

प्रवास मात्र सोपा नव्हता. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ साली, कल्याणपर्यंत १८५४ साली आणि नेरळवरून खोपोलीपर्यंत १८५६ साली सुरू झाली. म्हणजे मॅलेटनंतर सहा वर्षांतच प्रवासी आगगाडीने डोंगराच्या पायथ्याशी पोहोचू लागला. परंतु नेरळनंतरचे सुमारे सात मैल उरत. ते तट्टावर बसून किंवा माणसांच्या खांद्यावरच्या डोलीतून पार करायचे. १८७६ साली आलेल्या इझाबेल बर्टन या इंग्रज प्रवासिनीनेही आपल्या प्रवासवर्णनात माथेरानला जागा दिली आहे. अशी वर्णने वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्यांत हवा असते, दरी असते, सूर्यास्त असतो. पण डोली उचलणाऱ्याच्या खांद्यावरचा घट्टा सहसा नसतो.

सर आदमजी पीरभॉय हे मुंबईतील बडे उद्योजक. त्यांच्या कुटुंबाचे माथेरानला जाणेयेणे असे. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी नेरळ-माथेरान रेल्वेचे काम हाती घेतले. १९०४ मध्ये आरंभ झाला आणि २२ मार्च १९०७ रोजी गाडी धावू लागली. खर्च सोळा लाख रुपये, आणि तो या कुटुंबाने केला. बार्शी लाइट रेल्वेचे कर्तेधर्ते एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे याही मार्गाचे सल्लागार होते. रुळांमधील अंतर अवघे दोन फूट, चढ काही ठिकाणी वीस फुटांस एक फूट, एकूण लांबी सुमारे एकवीस किलोमीटर. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही मधली स्थानके. नेरळहून डोंगरावर पाणी चढविणाऱ्या नळावरून 'वॉटर पाइप' हे नाव पडले. ही गाडी मोठी नाजूक. जुलै २००५ च्या अतिवृष्टीने मार्ग उखडला आणि तो २००७ मध्ये, म्हणजे नेमका शताब्दीच्या वर्षी, पुन्हा सुरू झाला. २०१६ मध्ये डबे घसरल्याने ती थांबली. २०१९ च्या पावसाने पुन्हा थांबली आणि नेरळपासूनची सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये परत आली. जाणाऱ्याने एवढे ध्यानी ठेवावे की पावसाळ्यात नेरळची गाडी बंद असते. अमन लॉज ते माथेरान हा शेवटचा छोटा टप्पा तेवढा चालू ठेवतात.

माथेरानचा खरा सुपुत्र मात्र मार्गदर्शकांच्या नामावळीत उशिरा येतो, किंवा येतच नाही. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजेच भाई कोतवाल, यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानमध्ये एका नाभिक कुटुंबात झाला. ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले आणि पायथ्याच्या गरीब शेतकऱ्यांना सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी त्यांनी धान्यपेढीसारखे उपक्रम चालविले. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांनी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. ज्या डोंगरावर साहेब विश्रांतीला येई, त्याच डोंगरावर साहेबाची दाढी करणाऱ्यांच्या जातीत हा मुलगा वाढला. माझ्या मते पॅनोरमा पॉइंटपेक्षा ही गोष्ट आधी सांगावयास हवी.

उष्ण कटिबंधातील अशी थंड गावे साऱ्या जगात वसविली गेली, आणि सर्वत्र कथा थोडीबहुत सारखीच आहे. फिलिपीन्समधील बागियो पाहा. अमेरिकनांनी सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आपली उन्हाळी राजधानी केली, डॅनियल बर्नहॅम या विख्यात नगररचनाकाराकडून आराखडा करवून घेतला आणि येशूसंघीयांनी तेथील मिराडोर टेकडीवर वेधशाळाही चालविली. पण ती गुरे चारण्याची जमीन इबालोय आदिवासींची होती. त्यांच्यापैकी मातेओ कारिन्यो यांनी सरकारविरुद्ध दावा लावला. तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९०९ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. तोवर मातेओ निवर्तले होते. पूर्वापार वहिवाटीने धरलेली जमीन केवळ कागद नाही म्हणून सरकारची ठरत नाही, हे तत्त्व त्या निकालाने जगापुढे ठेवले.

आपला डोंगरही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, मात्र वेगळ्या प्रश्नावरून. माथेरानात मोटारींना बंदी आहे आणि २००३ मध्ये केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला. धूर नाही, भोंगा नाही, तांबड्या मातीच्या वाटेवर झाडांची सावली, हे आपणा साऱ्यांना हवेहवेसे वाटते. परंतु मोटार नाही म्हणजे ओझे नाही असे नव्हे. ते ओझे माणूस ओढीत होता. हातरिक्षाला एक जण पुढे आणि एकदोघे मागे, आणि आत बसलेले कुटुंब छायाचित्र काढीत असे दृश्य अनेकांनी पाहिले आहे. आमच्या एका सहलीत काही बायकांनी भूतदयेने रिक्षा नाकारली, तेव्हा रिक्षावाला मला म्हणाला, "फादर, बायांना सांगा, दया करायची तर बसून करा. चालत गेल्या तर माझ्या घरी चूल कशी पेटायची?" त्याला देण्याजोगे उत्तर माझ्यापाशी नव्हते. अजूनही पुरते आहे असे वाटत नाही.

परवानाधारक हातरिक्षा चौऱ्याण्णव होत्या. विजेवर चालणाऱ्या रिक्षांचा प्रयोग न्यायालयाच्या अनुमतीने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. घोडेवाल्यांनी त्यास हरकत घेतली आणि त्यांच्याही पोटाचा प्रश्न खोटा नव्हता. अखेरीस ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढणे ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला बाधक ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, आणि ओढणाऱ्यांना विजेच्या रिक्षा भाड्याने मिळतील अशी योजना करण्यास राज्य शासनास सांगितले. पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असेही बजावले. त्याच वेळी दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य वाटेवर फरशा बसविण्यास मुभा दिली. आतल्या रानवाटांवर मात्र दिली नाही. 'दया करायची तर बसून करा' या वाक्यातला पेच न्यायालयाने असा सोडविला की दया करणाऱ्यावर ते ओझे राहू नये, शासनावर राहावे.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. ठाण्याहून कर्जत लोकल पकडून नेरळला सकाळी लवकर उतरावे. छोट्या गाडीच्या तिकिटांसाठी सुट्टीच्या दिवशी मोठी रांग असते. नाही मिळाले तर टॅक्सीने दस्तुरीला जावे. तेथे नगरपरिषदेचा प्रवेशकर भरून पुढची सुमारे अडीच किलोमीटरची वाट ज्याचे गुडघे धड आहेत त्याने रुळांच्या कडेने चालत जावी. घोड्याचा किंवा रिक्षाचा दर आधी ठरवावा, मात्र घासाघीस बेताची असावी. माकडांना खाऊ घालू नये आणि प्लास्टिकच्या बाटल्या परत आणाव्यात. बाजारात ठाकूर बाया उन्हाळ्यात जांभळे-करवंदे घेऊन बसतात. ती घ्यावीत, हॉटेलातल्या आइस्क्रीमपेक्षा बरी. आणि पाय मजबूत असलेल्या तरुणांनी एकदा तरी, पावसाळा संपल्यावर, चौक गावातून वन ट्री हिलच्या बाजूने चढून रामबागेने उतरावे. पाणी भरपूर न्यावे आणि गावातील एखादा वाटाड्या पैसे देऊन बरोबर घ्यावा. मॅलेटलाही तो लागलाच होता.